परवाना हाती, पण भांडवल कुठे? अमेरिकेतील 'सोशल इक्विटी' गांजा परवानाधारकांची कोंडी

हडसनकाठ

न्यूयॉर्क राज्यात ३१ मार्च २०२१ रोजी प्रौढांसाठी गांजाविक्री कायदेशीर झाली, तेव्हा एकूण परवान्यांपैकी निम्मे परवाने 'सोशल इक्विटी' अर्जदारांकडे जावेत, असे उद्दिष्ट कायद्यातच घालून देण्यात आले. गांजाविरोधी कारवाईचा सर्वाधिक मारा सोसलेल्या वस्त्यांतील रहिवासी, अल्पसंख्याकांच्या आणि स्त्रियांच्या मालकीचे व्यवसाय, अडचणीतले शेतकरी आणि सेवेत अपंगत्व आलेले माजी सैनिक या गटात येतात. या प्राधान्यामागचे कारण ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०२० च्या अहवालानुसार गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होती. वापराचे प्रमाण मात्र दोहोंकडे जवळपास सारखेच होते. बंदीच्या काळात ज्यांनी तुरुंग पाहिला त्यांना कायदेशीर धंद्यात आधी जागा मिळावी, हे मला न्याय्यच वाटते. माझा प्रश्न पुढचा आहे.

राज्याने पहिली दुकाने अशाच लोकांना द्यायची ठरवली. अर्जदारावर किंवा त्याच्या जवळच्या नातलगावर गांजाच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झालेला असावा, आणि शिवाय नफ्यात चाललेल्या एखाद्या व्यवसायात त्याची मालकी राहिलेली असावी, अशी दुहेरी अट होती. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी या योजनेतले पहिले ३६ परवाने मंजूर झाले, त्यांतले काही सेवाभावी संस्थांना होते. सोबतीला २० कोटी डॉलरचा निधी जाहीर झाला होता, त्यातले ५ कोटी राज्याचे आणि १५ कोटी खासगी गुंतवणूकदारांकडून येणार होते. राज्याच्या डॉर्मिटरी ऑथॉरिटीने (सार्वजनिक बांधकामे करणाऱ्या सरकारी संस्थेने) जागा भाड्याने घ्यायची, दुकान बांधून सजवून द्यायचे आणि परवानाधारकाने येऊन कुलूप उघडायचे, अशी कल्पना होती. अशी दीडशे दुकाने उभी राहणार होती.

खासगी पैसा येईना. २९ डिसेंबर २०२२ रोजी मॅनहॅटनमध्ये पहिली कायदेशीर विक्री झाली, ती हाउसिंग वर्क्स या जुन्या सेवाभावी संस्थेच्या दुकानात, जिच्याकडे स्वतःची यंत्रणा आणि पत आधीपासून होती. २०२३ च्या उन्हाळ्यात कुठे शिकागो अटलांटिक या खासगी कर्जदार कंपनीकडून ५ कोटी डॉलरपर्यंतची सोय झाली, आणि या निधीतून उभ्या राहिलेल्या दुकानांचा आकडा दीडशेच्या जवळपासही कधी गेला नाही. ज्यांना या योजनेतून दुकान मिळाले त्यांच्या डोक्यावर बांधकामाचा सगळा खर्च कर्ज म्हणून बसला. जागा कोणती, कंत्राटदार कोण आणि खर्च किती, यावर मात्र त्यांचे फारसे नियंत्रण नव्हते.

त्यात ऑगस्ट २०२३ मध्ये अपंग माजी सैनिकांच्या एका गटाने आपल्याला डावलल्याचा दावा लावला आणि न्यायालयाने नवी दुकाने उघडण्यास स्थगिती दिली. तडजोड व्हायला नोव्हेंबरअखेर उजाडली. तोवर ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर जागा घेतल्या होत्या ते रिकाम्या दुकानांचे भाडे भरत राहिले, आणि त्याच रस्त्यावर विनापरवाना दुकाने राजरोस चालू राहिली. एकट्या न्यूयॉर्क शहरात अशी दुकाने दीड हजारांच्या घरात असल्याचा अंदाज तेव्हा शहराचे अधिकारीच सांगत होते.

माझे म्हणणे असे की योजनेतला क्रमच उलटा आहे. आधी परवाना दिला, मग तो माणूस पैशाच्या शोधात सोडला. या मंचावर हिशेब, बँकिंग आणि कायदा जाणणारे सभासद आहेत. त्यांनी यावर सविस्तर लिहावे.

ताळेबंद

मी न्यू जर्सीत हिशेबनीस आहे आणि माझ्या ग्राहकांत परवानाधारक गांजा दुकानदार आहेत. भांडवलाचा विचार करताना बहुतेक लोक कर्जापासून सुरुवात करतात. मी करापासून करतो, कारण धंद्यातून पैसा शिल्लकच पडणार नसेल तर कर्ज देणारा तरी कशाच्या भरवशावर देणार?

संघराज्याच्या दृष्टीने गांजा १९७० च्या अंमली पदार्थ कायद्यापासून सर्वांत कडक निर्बंधांच्या पहिल्या यादीतला, म्हणजे हेरॉइनच्या पंगतीतला पदार्थ ठरला. १९८१ मध्ये मिनियापोलिसच्या एका अंमली पदार्थ विक्रेत्याने आपला वजनकाटा, फोन आणि गाडीचा खर्च उत्पन्नातून वजा करून मागितला आणि कर न्यायालयाने तो बऱ्याच अंशी मान्य केला. त्यावर चिडून अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) १९८२ मध्ये आयकर कायद्यात कलम २८०-ई घातले. पहिल्या किंवा दुसऱ्या यादीतील पदार्थांचा बेकायदा व्यापार करणाऱ्याला धंद्याच्या खर्चाची कोणतीही वजावट मिळणार नाही, असे ते कलम म्हणते. विकलेल्या मालाची किंमत तेवढी वजा होते. राज्याने परवाना दिलेला दुकानदारही या कलमाखाली येतो.

आकड्यांत पाहा. समजा १०० डॉलरची विक्री झाली आणि त्यातला माल ६० डॉलरचा होता. ढोबळ नफा ४०. भाडे, पगार, पहारा, विमा यांत ३५ गेले. हातात राहिले ५. किराणा दुकानदाराची कंपनी या ५ डॉलरवर २१ टक्के म्हणजे साधारण एक डॉलर कर भरेल. गांजा दुकानदाराची कंपनी पूर्ण ४० डॉलरवर २१ टक्के, म्हणजे ८ डॉलर ४० सेंट भरते. पाच कमावले, आठ कर भरला. नफ्यातला धंदा कागदावरच तोट्यात गेला.

मोठ्या कंपन्या हा फटका पचवतात, कारण त्यांची लागवडही स्वतःची असते आणि बराचसा खर्च मालाच्या किमतीत बसवता येतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात किरकोळ विक्रेत्याला लागवडीत मालकी ठेवता येत नाही, त्यामुळे एकट्या दुकानदाराला ती वाटही नाही. बरेच जण मग कर थकवतात आणि तीच रक्कम खेळते भांडवल म्हणून वापरतात. तात्पुरते निभावते खरे, पण दंड आणि व्याज चढत जाते, आणि पुढे कोणी कर्ज द्यायला आला की वहीत पहिली नोंद त्याला सरकारी थकबाकीची दिसते.

रोखठोक

माहिती चांगली आहे, तरी एक शंका मांडतो. कोणत्याही नव्या धंद्यात भांडवलाची अडचण असतेच. उपाहारगृह काढणाऱ्याला सरकार पैसे देते का? ज्याच्याकडे पैसा नाही त्याने परवाना घेऊ नये. करदात्यांनी हा भार का उचलावा, हे कोणी तरी नीट सांगावे.

खातेवही

रोखठोक, उपाहारगृह काढणाऱ्याला सरकार थेट पैसे देत नाही, पण लघुउद्योग प्रशासनाची हमी देते, आणि त्या हमीवर बँक दहा वर्षांचे कर्ज देते. गांजाच्या धंद्याला ही हमी मिळत नाही. उपाहारगृह बुडाले तर मालक दिवाळखोरीच्या न्यायालयात जाऊन पुन्हा उभा राहू शकतो. गांजा दुकानदाराला ते दारही बंद आहे, कारण संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या धंद्याला संघराज्याचे न्यायालय संरक्षण देत नाही. तेव्हा तुमची तुलना दोन समान व्यवसायांची नाही.

मी एका पतसंस्थेत काम केले आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. बँकांनी गांजा व्यावसायिकांची खाती कशी हाताळावीत याबद्दल अर्थखात्याच्या विभागाने फेब्रुवारी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार खाते उघडता येते, पण त्या खात्यावरील व्यवहारांचे संशयास्पद व्यवहार म्हणून अहवाल सतत पाठवावे लागतात, परवाना तपासावा लागतो आणि ग्राहकावर नजर ठेवावी लागते. यासाठी माणसे लागतात, त्यांचा खर्च ग्राहकाकडून दरमहा वसूल होतो. महिन्याला लाखोंची उलाढाल असलेल्या कंपनीला तो खर्च किरकोळ वाटतो. अजून दुकान न उघडलेल्या माणसाला तो भाड्यानंतरचा दुसरा मोठा खर्च ठरू शकतो. कर्जाचा विषय तर त्याच्याही पुढचा. ठेव ठेवून घेणे वेगळे आणि स्वतःचा पैसा अडकवणे वेगळे.

तारणाचे काय? माल तारण घेता येत नाही, कारण वसुलीसाठी तो विकायला बँकेकडे परवाना नाही. परवाना तारण घेता येत नाही, कारण तो नियामकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. उरते घर. ज्या वस्त्यांतल्या लोकांसाठी ही योजना आहे तिथे पिढ्यान्पिढ्या घरकर्ज नाकारले गेले, त्यामुळे गहाण टाकायला घरच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बँकांना संरक्षण देणारे सेफ बँकिंग विधेयक प्रतिनिधिगृहाने सात वेळा संमत केले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती सिनेटच्या बँकिंग समितीतून १४ विरुद्ध ९ मतांनी बाहेर पडली आणि पुढे अडली.

शिकागोकर

इलिनॉयची गोष्ट सांगतो, कारण 'आमचा कायदा देशात सर्वांत न्याय्य' असे इथे ढोल बडवून सांगितले गेले होते.

कायदा जून २०१९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२० पासून विक्री सुरू झाली. त्या दिवशी दुकाने कोणाची उघडली? ज्यांच्याकडे आधीपासून वैद्यकीय गांजाचे परवाने होते त्या कंपन्यांची. सोशल इक्विटी अर्जदारांसाठी ७५ दुकाने राखली होती. त्यांच्या सोडतीसाठी सप्टेंबर २०२० मध्ये शेकडो अर्जदारांपैकी फक्त २१ पात्र ठरले, कारण पैकीच्या पैकी गुण मिळवणारेच निवडले गेले. तसे गुण मिळतील असा अर्ज लिहायला महागडे सल्लागार लागत होते. ओरड झाली, दावे झाले, नियम बदलले, २०२१ च्या उन्हाळ्यात आणखी सोडती झाल्या, एकूण १८५ परवाने ठरले, मग न्यायालयाने वाटप रोखले. जुलै २०२२ मध्ये वाटप सुरू झाले आणि या गटातले पहिले दुकान उघडायला नोव्हेंबर २०२२ लागला.

म्हणजे जवळजवळ तीन वर्षे जुन्या कंपन्यांना मोकळे रान होते. एकट्या २०२१ मध्ये राज्यात प्रौढांसाठीची विक्री सुमारे १३८ कोटी डॉलरची झाली. चौकातल्या जागा त्यांनी पटकावल्या, ग्राहक जोडले. आणि सोशल इक्विटीवाला या काळात सल्लागाराचे, वकिलाचे आणि काही ठिकाणी जागामालकाचे पैसे देत बसला, एक रुपयाची विक्री न करता. (रुपया म्हणालो, सवय जात नाही.)

छोट्या लागवडीच्या परवान्यांची स्थिती तर याहून वाईट. जुन्या लागवडदारांना २,१०,००० चौरस फुटांपर्यंत मुभा आणि नव्या छोट्या लागवडदारांना सुरुवातीला ५,००० चौरस फूट. पुढे ही मर्यादा १४,००० पर्यंत नेली. ५,००० फुटांच्या बंदिस्त शेतीसाठीही वीज, वातानुकूलन, पहारा आणि इमारत यांवर लाखो डॉलर घालावे लागतात. एवढ्या खर्चातून निघणारे पीक पाहता कोणताही शहाणा गुंतवणूकदार मागे सरतो. राज्याने आधी खासगी कर्जदात्यांच्या भागीदारीतून कर्जे देण्याची योजना आखली; ती रखडली, तेव्हा अटी पाळल्यास माफ होतील अशी थेट कर्जे देऊ केली. कर्ज माफ होणार हे चांगलेच, पण तोवर अनेकांनी आपला हिस्सा विकून टाकला होता.

आणखी एक पळवाट लिहितो. सोशल इक्विटी ठरण्याचे तीन मार्ग होते : बाधित वस्तीत राहणारा मालक, जुनी दोषसिद्धी असलेला मालक, किंवा किमान दहा पूर्णवेळ कर्मचारी असलेली अशी कंपनी जिचे निम्म्याहून अधिक कर्मचारी या गटातले आहेत. तिसऱ्या मार्गात मालक कोणीही धनाढ्य चालत होता.

ताळेबंद

शिकागोकरांनी हिस्सा विकण्याचा उल्लेख केला, तर तो कसा विकला जातो हे जवळून सांगतो. नावगाव देणार नाही.

माझ्याकडे एक परवानाधारक गुंतवणूकदाराचा मसुदा घेऊन आला. पहिल्या पानावर ५१ टक्के मालकी त्याची आणि ४९ टक्के गुंतवणूकदाराची असे ठळक अक्षरांत लिहिले होते. नियामकाला दाखवायचे ते हेच पान. अकराव्या पानापासून व्यवस्थापन सेवेचा करार सुरू होत होता. दुकान कोठून माल घेणार, कोणाला नोकरीवर ठेवणार, कोणते सॉफ्टवेअर वापरणार, हे सगळे गुंतवणूकदाराची दुसरी एक कंपनी ठरवणार होती आणि त्याबद्दल तिला नफ्यातून नव्हे, तर एकूण विक्रीतून टक्केवारी मिळणार होती. दुकानाची जागाही तिसऱ्या एका कंपनीची, तीही त्याच माणसाची, आणि भाडे शेजारच्या गाळ्यापेक्षा बरेच जास्त. त्याखाली कर्जाचा हप्ता. वर मी दिलेल्या उदाहरणातले ते शेवटचे पाच डॉलर आठवा. या करारात ते मालकापर्यंत पोहोचण्याआधी तीन वेळा कापले जात होते. सलग दोन हप्ते चुकल्यास त्याचा ५१ टक्के हिस्सा ठरावीक किमतीला विकत घेण्याचा हक्क गुंतवणूकदाराला होता, आणि ती किंमत एका चांगल्या गाडीइतकी होती.

मी त्याला सही करू नका असे सांगितले. त्याचा प्रश्न साधा होता : "मग पैसे कोण देणार?" माझ्याकडे दुसरे नाव नव्हते. त्याने सही केली.

राज्यांचे नियम अशा छुप्या मालकीला मनाई करतात, खऱ्या हितसंबंधीयांची नावे मागतात, पण सापडल्यावर शिक्षा म्हणून परवाना जातो. म्हणजे फसवला गेलेलाच तक्रार करायला घाबरतो.

पूर्वउपसागर

कॅलिफोर्नियातून भर घालतो. देशातली पहिली अशी योजना ओकलंड शहराने २०१७ मध्ये आणली. शहराच्या सरासरीच्या तुलनेत ठरावीक मर्यादेखालचे उत्पन्न आणि जोडीला एक तर ओकलंडमधली गांजाची दोषसिद्धी किंवा ठरावीक पोलीस बीटांत गेल्या वीसपैकी दहा वर्षांचे वास्तव्य, अशी व्याख्या केली. ही व्याख्या मला इलिनॉयपेक्षा अधिक चोख वाटते. शहराने गांजावरील करातून बिनव्याजी कर्जे दिली. शिवाय ज्या श्रीमंत अर्जदाराने एखाद्या इक्विटी व्यावसायिकाला तीन वर्षे किमान १,००० चौरस फूट जागा विनाभाडे दिली, त्याला परवान्याच्या रांगेत पुढे घेतले.

कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काहींना मिळालेली जागा म्हणजे मोठ्या गोदामाचा एक कोपरा होता, जिथे वीजजोडणी आणि अग्निशमनाच्या मंजुरीचे काम जागामालकाच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि ते होईपर्यंत तीन वर्षांतला बराच काळ सरून जात होता. तरीही मी म्हणेन की बिनव्याजी कर्ज आणि स्थानिक कर यांची सांगड हा भाग ओकलंडने बरोबर जमवला. लॉस एंजेलिसने २०१९ च्या फेरीत जागा आधी ताब्यात असण्याची अट घातली, त्यामुळे परवाना न मिळालेल्यांनीही महिनोन्महिने भाडे भरले. ते वाचून अजूनही संताप येतो.

मु. पो. सोलापूर

मी भारतातूनच लिहितो आहे आणि या धंद्याशी माझा संबंध नाही, पण ताळेबंद यांचा मसुदा वाचून आपल्याकडचे राखीव पेट्रोल पंप आठवले. परवाना अनुसूचित जातीच्या माणसाच्या नावावर आणि गल्ल्यावर बसलेला भलताच कोणी, हे आपण पाहिलेले आहे. मात्र तिथे तेल कंपन्यांनी कॉर्पस फंड योजनेतून जागा, बांधणी आणि खेळते भांडवल यांची सोय केली, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड अप इंडियात दहा लाख ते एक कोटीचे कर्ज बँकेमार्फत मिळू लागले. त्या योजनांतही त्रुटी भरपूर आहेत. पण तिथे निदान बँकेच्या दारात जाता येते. तुमच्याकडे दारच नाही असे दिसते.

रोखठोक

खातेवही यांचा मुद्दा पटला. संघराज्याने बँक, हमी आणि दिवाळखोरी अशी तिन्ही साधने काढून घेतल्यावर 'बाजारात जाऊन पैसे उभे करा' असे म्हणणे बरोबर नाही. तरी राज्याने अनुदान द्यावे की कर्ज, यावर माझे मत कर्जाकडे झुकते, कारण अनुदानाचा पैसा थेट जागामालकाच्या खिशात जाण्याची भीती आहे.

हडसनकाठ

भीती खरी आहे, पण कर्जाचा पैसाही तिथेच जातो, वर व्याज लागते. मला वेळेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. मॅसॅच्युसेट्समध्ये दुकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये उघडली आणि गांजावरील विशेष करातला १५ टक्के वाटा सोशल इक्विटी व्यावसायिकांच्या निधीत घालणारा कायदा झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. वरातीमागून घोडे ते हेच. मधल्या काळात तिथल्या नगरपालिकांशी करार केल्याशिवाय दुकान काढता येत नव्हते, आणि तिथल्या फॉल रिव्हर शहराच्या तत्कालीन महापौराला या संमतीपत्रांसाठी पैसे उकळल्याबद्दल २०२१ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. न्यूयॉर्कने पुढे ५० लाख डॉलरची अनुदान योजना काढली, त्यात एका दुकानदाराला ३०,००० डॉलरपर्यंत देण्याची तरतूद होती. मॅनहॅटनमध्ये त्यात एखाददोन महिन्यांचे भाडे निघेल.

जुन्या कंपन्यांना प्रौढ विक्रीत उतरण्याची परवानगी देताना जे शुल्क घेतले जाते, ते सर्वांत आधी जमा करून इक्विटी दुकानांच्या बांधणीवर खर्च करावे, आणि ती दुकाने उघडेपर्यंत जुन्यांना विक्री करू देऊ नये, असे माझे मत आहे. राज्ये हे करत नाहीत, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून कर हवा असतो.

नवखा एडिसन

विषयाला धरूनच विचारतो. माझा एक अमेरिकन मित्र या गटातून परवाना मिळवून दुकान काढतो आहे. बँक नाही, म्हणून तो ओळखीच्यांकडून थोडे थोडे भांडवल गोळा करतो आहे. मी एच-वन-बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत आहे. छोटी रक्कम गुंतवली तर चालेल का?

खातेवही

चालणार नाही. राज्याच्या कायद्याने धंदा वैध असला तरी स्थलांतर कायदा संघराज्याचा आहे. नागरिकत्व विभागाने १९ एप्रिल २०१९ रोजी स्पष्ट केले की राज्याचा परवाना असलेल्या गांजा उद्योगातील सहभागही 'चांगले नैतिक आचरण' या अटीच्या आड येऊ शकतो. ग्रीन कार्ड असलेल्याचे नागरिकत्व त्यावर अडू शकते, आणि तुमच्यासारख्याला तर अंमली पदार्थांच्या व्यापारात साहाय्य केल्याच्या कारणावरून प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. मित्राला शुभेच्छा द्या, पैसे देऊ नका, आणि तरीही मोह होत असेल तर आधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटा. भिशी, भाऊबंद, गाववाले यांच्या पैशावर स्थलांतरितांनी इथे किती दुकाने उभी केली! परवानाधारक स्वतः स्थलांतरित कुटुंबातला असेल तर त्याच्याभोवतीचा तो पैसाही असा गोठलेला असतो.

शिकागोकर

ताळेबंद, गांजा तिसऱ्या यादीत हलवण्याचे जे चालले आहे त्याने काय फरक पडेल? मे २०२४ मध्ये न्याय खात्याने प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी प्रक्रिया वेगाने पुरी करण्याचा आदेश काढला, एवढे मी वाचले आहे.

ताळेबंद

कलम २८०-ई पहिल्या आणि दुसऱ्या यादीपुरतेच आहे, त्यामुळे तिसऱ्या यादीतल्या पदार्थाला ते लागू होत नाही. माझ्या उदाहरणातला दुकानदार आठऐवजी एक डॉलर कर भरेल आणि चार डॉलर त्याच्याकडे उरतील. हा फरक मोठा आहे. पण तिसऱ्या यादीतला पदार्थ डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून विकता येतो. राज्याच्या परवान्यावर दुकानातून सुटा विकणे संघराज्याच्या कायद्याने तरीही बेकायदाच राहते. म्हणून लघुउद्योगाची हमी किंवा दिवाळखोरीचे संरक्षण त्यामुळे आपोआप मिळेल असे समजू नका. मागच्या वर्षांचा थकलेला करही त्याने माफ होत नाही. माझ्या ग्राहकांपैकी जे हप्त्यांनी जुना कर फेडत आहेत त्यांना मी सांगितले आहे की हप्ते चालू ठेवा आणि पुढच्या वर्षीचा वाचणारा कर आताच कोणत्याही गुंतवणूकदाराच्या मसुद्यात धरू देऊ नका.